लॅटिनच्या शाळेची पारख

अमेरिकेत नववी ते बारावी ही चार वर्षे ज्या शाळेत होतात तिला हायस्कूल म्हणतात, आणि पाल्याने तेथे लॅटिन मन लावून शिकावे अशी ज्यांची इच्छा असते, त्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे की विषयांच्या यादीत लॅटिन असणे आणि ते शाळेत रुजलेले असणे या भिन्न गोष्टी आहेत. 1635 साली स्थापन झालेल्या, हार्वर्डहूनही एका वर्षाने जुन्या अशा बॉस्टन लॅटिन स्कूल या सार्वजनिक शाळेत लॅटिन आजही सक्तीचे आहे. परंतु ती शाळा अपवादच होय. इतरत्र हा विषय बहुधा ऐच्छिक असतो, पुष्कळदा एकाच शिक्षकावर अवलंबून असतो, आणि तो निवृत्त झाला की वर्गच बंद पडण्याची भीती असते.

पहिल्या वर्षाच्या वर्गात बसले असता शिक्षकाची पद्धत लवकर कळते. लॅटिनमध्ये नामाच्या शेवटी होणाऱ्या बदलावरून त्याचे वाक्यातील कार्य ठरते, म्हणजेच तेथे विभक्ती आहेत. ‘पुएल्ला’ म्हणजे मुलगी ही कर्ता, तर ‘पुएल्लाम’ हे तिचे कर्मरूप, त्यामुळे ‘पुएल्लाम पोएता विदेत’ या वाक्यात मुलगी आधी आली तरी पाहणारा कवीच राहतो. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की अर्थ उलटतो, म्हणून तेथील मुलांना येथेच पहिली ठेच लागते. ‘मुलीला कवी पाहतो’ असे सहज म्हणणाऱ्या मराठी घरातील मुलाला मात्र ही रचना ओळखीची वाटते. चांगला शिक्षक केवळ भाषांतर मागत नाही, तर ‘पाहतो कोण, आणि हे कशावरून?’ असे विचारून विद्यार्थी शेवटच्या अक्षराकडे बोट दाखवीपर्यंत थांबतो. पाठ्यपुस्तक व्याकरणाच्या तक्त्यांपासून सुरू होते की केंब्रिज लॅटिन कोर्सप्रमाणे पाँपेईतील एका कुटुंबाच्या गोष्टींपासून, हा प्रश्न त्यामानाने गौण आहे.

खरी कसोटी तिसऱ्या वर्षी लागते, कारण तोवर विद्यार्थ्यांसाठी रचलेली सोपी वाक्ये संपून रोमन लेखकांचे मूळ लेखन समोर येते. कॉलेज बोर्डाच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट या महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षेला 2025-26 पासून व्हर्जिलच्या जोडीला सीझरऐवजी प्लिनीची पत्रे आहेत. पण व्हर्जिल वाचायचा तर वृत्त कानात बसावे लागते. त्याच्या ‘इनीड’ या महाकाव्याची प्रत्येक ओळ सहा गणांची असून गण एका गुरू व दोन लघू अक्षरांचा किंवा दोन गुरू अक्षरांचा असतो, आणि दोन व्यंजने लागोपाठ आली की त्यांच्या आधीचे अक्षर सामान्यतः गुरू मानले जाते. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, हा नियम मराठी वाचकाला वेगळा शिकवावा लागत नाही. शब्दाच्या शेवटचा स्वर पुढील शब्दाच्या आरंभीच्या स्वरात मिसळून जातो तेथे नुसते अंत्यरूप पाठ केलेला विद्यार्थी अडखळतो. ज्या वर्गात ओळ आधी मोठ्याने म्हणवून घेतात, बाकावर बोटाने ठेका धरू देतात आणि अर्थाकडे त्यानंतर वळतात, त्या वर्गात भाषा कानावाटे मनात उतरते. अशी दहा मिनिटे वर्गात ऐकणे हे भिंतीवर लावलेल्या नॅशनल लॅटिन एक्झामच्या पदकांपेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

चौथे वर्ष स्वतंत्रपणे शिकवले जाते की तिसऱ्याच्याच तासिकेत कोंबले जाते, पहिल्या वर्षी नाव घातलेल्यांपैकी चौथ्यापर्यंत किती टिकतात, आणि शिक्षक बदलल्यास पर्यायी व्यवस्था कोणती, हे प्रश्न मुख्याध्यापकांना संकोच न करता विचारावेत. तेव्हा प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पालकांनी माहितीपुस्तिका बाजूला ठेवून, पाल्याला सोबत घेऊन, सर्वांत वरच्या लॅटिनच्या वर्गात एक पूर्ण तास बसण्याची परवानगी मागावी.