हुकूमनाम्याखालचा तक्ता

घटस्फोटाचा हुकूमनामा हातात आला की माणूस ‘विवाह विच्छेदित करण्यात येत आहे’ या ओळीपर्यंत वाचतो आणि कागद घडी करून ठेवतो. खरी गंमत त्याच्याही खाली आहे. तिथे एक छोटा तक्ता असतो. डावीकडे अर्जदार, उजवीकडे जाबदेणार. अर्जावरचा शिक्का इतके रुपये, वकीलपत्रावरचा शिक्का इतके, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्स बजावणीचा खर्च, शेवटी बेरीज. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टात या तक्त्याचा नमुना दिलेला आहे आणि शंभर वर्षांहून जास्त काळ तो जवळपास तसाच चालत आलाय. घटस्फोटाच्या प्रकरणात त्यातली बेरीज पाहून कोणीही चक्रावेल, कारण ती फारच किरकोळ असते. यातली वकील फीसुद्धा नियमाने मोजलेली असते, प्रत्यक्षात किती दिली याच्याशी तिचा संबंध नाही. वर बहुतेक निकालांत एक वाक्य असतं: उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा.

कायद्याच्या दरपत्रकाप्रमाणे लग्न मोडणं इतकं स्वस्त असेल, तर लोक त्यासाठी गाय का विकतात?

आधी कायद्याचा हात किती सैल आहे ते बघू. हिंदू विवाह कायद्याच्या 23 व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात लिहिलंय की घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक नक्कल दोघांनाही विनामूल्य द्यायची. जिथे प्रत्येक नकलेला पैसे मोजावे लागतात अशा व्यवस्थेत हे वाचताना मला दरवेळी नवल वाटतं. महाराष्ट्रात 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ झाली. त्या वेळचे मुख्यमंत्री बारामतीचे शरद पवार, आणि राज्याचं पहिलं महिला धोरणही त्याच वर्षीचं. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून स्टॅम्प पेपर लागत नाही, तरी कित्येक जण अजून सवयीने स्टॅम्प व्हेंडरपुढे रांग लावतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं 12 वं कलम तर सांगतं की बाई असेल तर तिचं उत्पन्न विचारायचंच नाही. पगारदार असो, बागायतदाराची मुलगी असो, सरकारी खर्चाने वकील मागण्याचा तिला हक्क आहे. अर्ज तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे द्यायचा. 15100 या नंबरवर फोन केला तरी रस्ता कळतो.

हे सगळं फार अलीकडचं आहे. इंग्लंडमध्ये 1857 पर्यंत दुसरं लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतःच्या नावाचा स्वतंत्र कायदा पास करून घ्यावा लागे. दीडशेएक वर्षांत असे सव्वातीनशेच्या आसपास कायदे झाले, त्यांत बायकांनी मिळवलेले जेमतेम चार. तेवढा पैसा ओतणं उमरावांनाच परवडे. त्याच काळात आपल्याकडे अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडली की फारकत होई. काडी फुकटच, पण लग्नाचा खर्च परत करणं, पंचांचं मानपान, जातीला जेवण हे होतंच. आणि ज्या जातींत काडीमोडाची रीत नव्हती, तिथल्या बाईला कितीही पैसे मोजले तरी सुटका नव्हती. हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1931 मध्ये केला, मुंबई प्रांतात तो 1947 मध्ये आला आणि देशभर 1955 मध्ये.

हिंदूंसाठीच्या या कायद्यांच्या आधीचं खर्चाचं एक बिल मात्र इतिहासात नोंदलेलं आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं होतं. त्या नांदायला गेल्या नाहीत, म्हणून 1884 मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला, आणि 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. तेव्हाचे दोन हजार! चार वर्षांच्या कोर्टबाजीनंतर बाईच्या मोकळेपणाचा असा सौदा झाला आणि तरी लग्न कायद्याने मोडलं नव्हतंच. पुढच्या वर्षी त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या आणि डॉक्टर होऊन सुरतेत काम करू लागल्या.

आता आजच्या निरवांगीत येऊ. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याच्या दक्षिण कडेला, नीरा नदीच्या काठावरचं हे गाव. ऊस, गोठा, शेजारी निमसाखर, जवळच वालचंदनगर. सोयरिकी साहजिकच नदीच्या दोन्ही अंगांना होतात आणि मोडतातही. हिंदू विवाह कायद्याचं 19 वं कलम सांगतं की अर्ज लग्न झालं तिथे, शेवटचं एकत्र राहिले तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे करता येतो. 2003 च्या दुरुस्तीने एक मोठी सोय झाली: बायको अर्जदार असेल तर ती आज जिथे राहते तिथेही. म्हणजे माहेरी परतलेली निरवांगीची लेक पुणे जिल्ह्यातच केस लावू शकते. कुटुंब न्यायालयं मुख्यतः मोठ्या शहरांसाठी आहेत. जिथे त्यांची हद्द पोचत नाही तिथे हे अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालतात, जसं बारामतीला आहे. पण नवऱ्याने आधीच नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्यात, माळशिरसला केस टाकली असेल, तर ती अलीकडे आणायला जिल्हा न्यायालय पुरत नाही, उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्यातही ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. सोलापूर जिल्हा तिकडे गेला, पुणे जिल्हा मुंबईकडेच राहिला. एवढीशी नीरा, पण एका काठाची फाइल मुंबईला आणि दुसऱ्या काठाची कोल्हापूरला!

तारखेचा दिवस कसा जातो ते बघण्यासारखं आहे. पहाटे धार काढायची, दूध संकलनाला घालायचं, एस.टी. पकडायची, अकराच्या आत कोर्टात हजर. बोर्डावर आपला नंबर बघायचा. पट्टेवाल्याचा पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं. पुकारा झाला की वकीलसाहेब शेजारच्या कोर्टात उलटतपास घेत असतात, किंवा समोरच्याने ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला मुदत मागितलेली असते, किंवा समन्स बजावून परतच आलेलं नसतं. रोजनाम्यात एक ओळ पडते आणि पुढची तारीख. आत जेमतेम दोन मिनिटं. बाहेर एसटीचं भाडं, नाश्ता, बुडालेला रोज, सोबत आलेल्या भावाचाही बुडालेला रोज. तक्त्यात याला रकाना नाही.

आणि फाइल क्वचितच एक असते. घटस्फोटाचा अर्ज बारामतीला. पोटगीचा अर्ज, जो पूर्वी फौजदारी संहितेच्या 125 खाली होई आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 खाली होतो, तो इंदापूरच्या दंडाधिकाऱ्यांकडे. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 च्या कायद्याखालचा अर्जही तिथेच. छळाची फिर्याद असेल तर ती वेगळी, मुलाच्या ताब्याचं प्रकरण वेगळं. प्रत्येकाला आपलं वकीलपत्र, आपली तारीख. एका लग्नाचा खटला असा फुटव्यासारखा वाढत जातो, आणि फी फाइलीवर असते. म्हणून वकिलाशी बोलताना आकड्याच्या आधी एक प्रश्न विचारावा: या रकमेत काय काय धरलंय? अंतरिम अर्ज, हिंसाचाराची केस, अपील, की नुसता मूळ अर्ज? ठोक रक्कम की तारखेवारी? वकिलाने पक्षकाराकडून किती फी घ्यावी हे ठरवून देणारं सरकारी दरपत्रक नाही, त्यामुळे हे आधी बोलून, जमल्यास लिहून घेणं उत्तम. दोन गोष्टी मात्र ठाम आहेत. पोटगीच्या रकमेत टक्का मागण्याला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. आणि फी थकली म्हणून वकिलाला फाइल अडकवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलंय.

मला हिंदू विवाह कायद्यातलं सर्वांत चतुर कलम वाटतं ते 24 वं. ज्याच्या हाती पैसा तो केस लांबवून समोरच्याला थकवू शकतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं. म्हणून कलम म्हणतं की ज्याला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही त्याला समोरच्याकडून केस चालेपर्यंत पोटगी आणि केस लढण्याचा खर्चही मागता येईल. आपल्याविरुद्ध लढणाऱ्या वकिलाची फी आपणच द्यायची! बायकोच मागू शकते असं नाही, नवराही मागू शकतो. 2001 च्या दुरुस्तीने पुढे जोडलंय की असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा. या ‘शक्यतो’चं काय होतं ते पोटगीच्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात दिसलं. ते आपल्याच राज्यातून, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून दिल्लीला गेलेलं. अंतरिम पोटगीचा अर्ज 2013 चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 4 नोव्हेंबर 2020 चा. त्या निकालाने नियम घालून दिला की दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्जं यांचं शपथपत्र सुरुवातीलाच द्यावं, आधीच्या केसमध्ये मिळालेली रक्कम उघड करावी, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. ‘माझी शेती वडिलांच्या नावावर आहे’ असं तोंडी सांगून सुटणं त्यामुळे बरंच अवघड झालं.

दोघांचं एकमत असेल तर बिल एकदम आटोपतं. 1976 मध्ये आलेल्या 13-ब कलमाप्रमाणे वर्षभर वेगळे राहिलेले नवरा-बायको संयुक्त अर्ज करतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा येऊन तेच सांगतात. सगळे वाद मिटलेले असतील आणि ताटातूट जुनी असेल, तर हे सहा महिनेही माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात म्हटलं. साक्षी नाहीत, उलटतपास नाही. दोघांच्या सह्यांची पुरसीस म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, ठरल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट, संपलं. खर्च वाचवायचा असेल तर कोर्टात जाण्याआधीच्या बोलण्यांत वाचतो.

याहून स्वस्त म्हणून गावोगाव चालतो तो पाचशेच्या स्टॅम्पवरचा नोटरी केलेला फारकतीचा लेख. हा महागात पडतो. रूढीचा घटस्फोट 29 व्या कलमाने राखलाय हे खरं, पण ती रूढी आपल्या जातीत आहे हे मांडावं आणि पुराव्याने सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये यमनाजी जाधव प्रकरणात बजावलंय. ते जमलं नाही तर पहिलं लग्न कायम, दुसरं रद्दबातल, वर द्विविवाहाची फिर्याद. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची.

आणि खटला संपला म्हणून हिशेब संपतोच असंही नाही. 25 व्या कलमाखालची कायम पोटगी हुकूमनाम्यानंतरही मागता येते. परिस्थिती बदलली, पगार वाढला, नोकरी गेली, पुन्हा लग्न झालं, तर ती वाढवून, कमी करून किंवा बंद करून मागायला दोघांपैकी कोणीही परत त्याच कोर्टात येऊ शकतं. नवा अर्ज, नवं वकीलपत्र, नवी तारीख. अर्जदार बाई असेल तर कोर्ट फी मात्र तेव्हाही माफच.