युनिक्सचा सातबारा

१९६९ साली न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतली, ती पीडीपी-७ या तेव्हाच जुनाट झालेल्या यंत्रावर. त्या काळी ऑपरेटिंग सिस्टिम यंत्राबरोबर यायची आणि यंत्र भंगारात निघालं की तीही जायची. तिचा मालक कोण, हे विचारायची वेळच येत नसे. १९७३ मध्ये युनिक्स रिचींच्या सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि ही गाठ सुटली. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठात आणि बेल लॅब्जमध्येही ती इंटरडेटाच्या, म्हणजे पूर्ण परक्या जातकुळीच्या यंत्रांवर चालली. यंत्रापासून सुटी झालेली वस्तू वेगळी विकता येते आणि मग तिच्यावर हक्कही सांगता येतो. पुढच्या सगळ्या कोर्टबाजीचं मूळ मला इथे दिसतं.

एटी अँड टी या बेल लॅब्जच्या मालक कंपनीला १९५६ च्या सरकारी तडजोडीमुळे टेलिफोनबाहेरचा धंदा करायला मनाई होती. त्यामुळे विद्यापीठांना युनिक्स किरकोळ शुल्कात, मूळ कोडसकट मिळे. चुका मात्र ज्याच्या त्याने निस्तरायच्या. सिडनीत जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीचा गाभा ओळीओळीने उलगडणारी टिपणं विद्यार्थ्यांसाठी काढली. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने कोड वर्गात शिकवायला बंदी घातली, तेव्हा त्या टिपणांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरू लागल्या. पुस्तक उघडपणे छापलं गेलं ते थेट १९९६ मध्ये.

१९८४ मध्ये कंपनीचे तुकडे झाले, मनाई उठली आणि युनिक्स महाग होत गेली. तोवर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने तिच्यात एवढी भर घातली होती, की एटी अँड टीचा कोड वगळूनही जवळपास पूर्ण सिस्टिम उभी राहत होती. १९९१ मध्ये ती त्यांनी खुली केली. पुढच्याच वर्षी एटी अँड टीच्या उपकंपनीने दावा ठोकला. विद्यापीठानेही उलट दावा लावला: आमचा कोड तुम्ही वापरता, श्रेय का देत नाही? १९९४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा सुमारे १८ हजार फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त तीन! दरम्यान बर्कलीच्या वाटेवर लोक बिचकले आणि युनिक्सच्या धर्तीवर नव्याने लिहिलेल्या लिनक्सला मैदान मोकळं मिळालं.

तिसरा अंक खरा मासलेवाईक. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या बँकशाखांतही ज्या एससीओची युनिक्स चालायची, तिचा धंदा काल्डेरा या कंपनीने विकत घेतला आणि २००२ मध्ये नावही उचललं. या नव्या एससीओने २००३ मध्ये आयबीएमवर १ अब्ज डॉलरचा दावा केला. आमचा कोड लिनक्समध्ये घुसवला, हा आरोप. ऑगस्टमध्ये लास वेगासच्या मेळाव्यात पुरावा म्हणून काही ओळी पडद्यावर आल्या. कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून त्यांतली अक्षरं ग्रीक फाँटमध्ये बदललेली. फाँट परत रोमन केला की झालं, ते जाणकारांनी लगेच केलं. एक तुकडा निघाला मेमरी वाटून देणाऱ्या फंक्शनचा, सत्तरच्या दशकातला, लायन्स यांच्या टिपणांमुळे जगजाहीर असलेला. वर काल्डेरानेच तो २००२ मध्ये खुल्या परवान्याखाली सोडलेला. दुसरा तुकडा तर बर्कलीच्याच घरचा होता.

मग एटी अँड टीकडून युनिक्स विकत घेतलेली नॉव्हेल कंपनी पुढे आली. जुन्या एससीओला हा धंदा तिनेच १९९५ मध्ये विकला होता. पण खरेदीखताच्या वगळलेल्या मालमत्तेच्या यादीत कॉपीराइट होते. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीपत्राने ती भाषा इतकी मोघम करून ठेवली, की निवाडा २०१० मध्ये युटाच्या ज्यूरीवर आला. तिने कौल दिला नॉव्हेलला. आयबीएमविरुद्धचं भिजत घोंगडं २०२१ पर्यंत पडून राहिलं आणि मिटलं १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरवर.

युनिक्स हे नाव मात्र या कोणाकडेच नाही. ते ओपन ग्रुप या संस्थेच्या ताब्यात आहे आणि तिच्या कसोट्या पार केल्या तरच ते लावता येतं. अ‍ॅपलच्या मॅकला २००७ मध्ये तो शिक्का मिळाला. लिनक्सचे बहुतेक अवतार त्या दारात गेलेच नाहीत, त्यांचं त्यावाचून अडलेलंही नाही.