चढ आला तरी उतरायचं नाही



पुण्याच्या आसपासच्या गावांतून कितीतरी जणी रोज शहरात कामाला जातात. कुणी भाजी विकायला, कुणी स्वयंपाकाला. बसला गर्दी, रिक्षा परवडत नाही. मग सायकल का नको? एकेकाळी पुणं सायकलींचंच शहर होतं. पण लगेच उत्तर येतं, "चांदणी चौकाचा चढ कोण चढणार?"

त्या चढासाठीच बॅटरीवरची सायकल आहे. पायडल आपणच मारायचं, मोटर सोबतीला जोर लावते. सवय नसलेल्या बाईच्या पायांतून सलग निघणारी ताकद साधारण ७५ ते १०० वॅट. मोटर २५० वॅटपर्यंत देते. म्हणून चढावर उतरून सायकल ढकलावी लागत नाही.

खर्चाचं बघू. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी भरायला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते, म्हणजे चार-पाच रुपये. सपाटीवर ती पंचवीस-तीस किलोमीटर चालते. पण शंभर मीटर उंची चढली की बॅटरीचा साधारण दहावा हिस्सा संपतो. म्हणून दुकानदाराच्या आकड्यावर विसंबू नका. आपल्याच रस्त्यावर, आपलंच ओझं घेऊन चालवून बघा.

मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशा सायकलला लायसन किंवा नंबर लागत नाही. हेल्मेट मात्र घालाच.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, तापतो. थोडा दाबा, थोडा सोडा, दोन्ही ब्रेक वापरा. बॅटरीला तिचाच चार्जर लावा. अंथरुणाजवळ किंवा रात्रभर चार्जिंगला ठेवू नका. बॅटरी फुगली किंवा फार तापली, तर वापर बंद.

आता किमतीचं. सायकल साधारण २५ ते ४० हजारांना मिळते. तीस हजारांची घेतली आणि रोजचे साठ रुपये भाडं वाचलं, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांचे दीड हजार होतात. पैसे वीस महिन्यांत फिटतात; गटाचं कर्ज काढलं तर व्याजाचे आणखी थोडे. भाडं तीसच रुपये असेल, तर चाळीस महिने लागतील, आणि तोवर बॅटरी बदलायची वेळ येऊ शकते. नव्या बॅटरीची किंमत आधीच विचारून ठेवा. अशा वेळी दोघींनी मिळून एक सायकल घेतलेली बरी. एकीची पाळी सकाळची, दुसरीची दुपारची.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं आपलं रोजचं भाडं सांगावं आणि हा हिशेब वहीत मांडावा. कर्जाचा निर्णय त्यानंतरच घ्या.