राखणदार घरात आला, जमीन कशी राखावी?

वस्तीवरच्या घराला कुत्रा हवाच. रात्री-अपरात्री कोणी बांधावरून आले, गोठ्यात काही शिरले, तर पहिली वर्दी तोच देतो. आजवर त्याची जागा ठरलेली होती. अंगणात, गोठ्याच्या दाराशी, नाही तर कडब्याच्या गंजीच्या आडोशाला तो पडून असे. पण जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात बिबट्या उसातच राहू लागला आणि ही जुनी रीत बदलावी लागली. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला. अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळायलाही वाव नसतो. म्हणून आता कितीतरी घरांत तिन्हीसांजेला कुत्रा आत घेतात.

कुत्रा आत आला की घरात कुरबुर सुरू होते. सारवायचे बायकांनी आणि उकरायचे कुत्र्याने! नव्या फरशीवर चिखलाची पावले उमटतात, कोपऱ्यात वास येतो, आणि एक दिवस वैतागून कोणीतरी त्याला पुन्हा बाहेर काढते. तो दिवस त्याचा शेवटचा ठरू शकतो. थोडी व्यवस्था लावली तर जमीनही राहील आणि राखणदारही राहील.

आधी नखे पाहा

रानात, मुरमाच्या वाटेवर फिरणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. बांधून ठेवलेल्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याची मात्र वाढत जातात. फरशीवर चालताना टकटक आवाज येऊ लागला की नखे वाढली असे समजावे. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर एक अंगठा असतो. त्याचे नख जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजतही नाही. ते वळून मांसात रुतते.

नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्या नखात दिसत नाही. म्हणून टोकाचा अगदी थोडा भाग काढावा आणि कानशीने कड गुळगुळीत करावी. चुकून रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरावी. कुत्रा अंगावर येत असेल तर हट्ट न करता जनावरांच्या दवाखान्यात न्यावे.

त्याची जागा ठरवून द्या

झोपण्यापूर्वी गोल फिरणे आणि जमीन उकरणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. तेव्हा त्याला मारून उपयोग नाही, उकरायला दुसरे काही द्यावे. ज्यूटच्या पोत्यात भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड भरून तोंड शिवावे, वर जुने घोंगडे टाकावे. आठवड्याने पोते उन्हात तापवावे व काड बदलावे. खताची प्लास्टिकची गोणी घसरते, म्हणून ती नको. कीटकनाशकाची किंवा औषध लावलेल्या बियाण्याची रिकामी पिशवी तर कधीही वापरू नये. कुत्रा अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते.

ही जागा दारापासून फार आत नसावी. दाराच्या उंबऱ्याशी जाडे तरट टाकावे आणि आत येतानाच त्याचे पाय फडक्याने पुसावेत. घरातली निम्मी घाण तिथेच थांबते.

शेणाने सारवलेली जमीन

कुत्र्याने खड्डा उकरला तर त्यावर नुसते सारवण थापू नये, ते पोपडा होऊन निघते. आधी कडा खरवडून सैल माती काढावी आणि खड्डा ओला करावा. चिकणमाती, थोडे शेण आणि गव्हाचे भूस एकत्र मळून भरावे, धुमसाने ठोकून घट्ट करावे. पुरते सुकले की मग सारवावे.

लघवी मातीत मुरते. वरून सारवले तरी वास आतच राहतो आणि कुत्रा त्या वासावर पुन्हा तिथेच जातो. म्हणून वास जाईपर्यंत ओली माती खरवडून बाहेर टाकावी व नवी भरावी.

भिंतीच्या आणि जमिनीच्या भेगा बुजवाव्यात. कुत्र्यावरची गोचीड अंडी घालायला अशाच भेगांत शिरते. मात्र गोचिडासाठी पिकावरची औषधे कुत्र्याच्या अंगावर किंवा घरात मारू नयेत. दवाखान्यातून कुत्र्यासाठीचे औषध आणावे.

शहाबादी फरशी आणि गुळगुळीत टाइल्स

शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. डाग काढायला तिच्यावर अॅसिड ओतले की फेस येतो, म्हणजे दगडच विरघळत असतो. मग पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढचा डाग अधिक खोल जातो. लिंबू आणि व्हिनेगरही तिला चालत नाही. लघवी फडक्याने लगेच टिपून घ्यावी, साबणाच्या पाण्याने धुवावे, स्वच्छ पाणी मारून कोरडे करावे. ब्लीचिंग पावडर लघवीवर थेट टाकू नये आणि अॅसिडमध्ये तर कधीच मिसळू नये. दोन्हींतून घातक वायू निघतो.

टाइल्सना ओरखडे सहसा पडत नाहीत, पण त्यांवर कुत्र्याचे पाय फाकतात. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे त्याने दुखावतात. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तरटाची पट्टी अंथरावी.

माडीची सागवानी जमीन

जुन्या वाड्यांत माडीला कडीपाट असतो. काही ठिकाणी फळ्या उघड्या असतात, काही ठिकाणी त्यांवर मातीचा थर देऊन सारवतात. सागवान टिकाऊ खरे, पण बाभळीइतके कठीण नव्हे. वाढलेल्या नखांचे ओरखडे त्यावर उठतात. लघवी मुरली तर लाकूड काळे पडते आणि ओल राहिली की वाळवीला निमंत्रण मिळते. मातीच्या थराखाली तर हे नुकसान दिसतही नाही. त्यामुळे शक्यतो कुत्र्याला माडीवर जाऊच देऊ नये. जिन्याच्या तोंडाशी फळी लावून वाट अडवावी.

उघड्या फळीवर ओल झाली तर पाणी न ओतता कोरड्या फडक्याने दाबून टिपावी, मग ओलसर फडक्याने पुसून वारा लागू द्यावा. बारीक ओरखडे लाकडाच्या रेषेच्या दिशेने पॉलिशपेपरने घासून, उकळी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोल काळा डाग सुताराकडून रंध्याने काढून घ्यावा.

एक गोष्ट मात्र विसरू नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वापर झाला की त्या घराबाहेर एकेक पसरून वाळवाव्यात.

पिलाला वळण

दोन महिन्यांचे पिलू फार वेळ धीर धरू शकत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच बाहेर एकाच जागी न्यावे, आणि तिथे उरकले की पाठ थोपटावी. घरात चूक झाली म्हणून नाक घासणे, झोडपणे व्यर्थ आहे. ते फक्त लपून करायला शिकते. संध्याकाळचे खाणे दिवस मावळण्यापूर्वी द्यावे, म्हणजे अंधार पडण्याआधी बाहेरचे उरकते. रात्री न्यावेच लागले तर मोठ्या माणसाने बॅटरी आणि काठी घेऊन जावे, मुलांना पाठवू नये.

रांगते मूल आणि कुत्रा

ज्या जमिनीवर कुत्रा बसतो, त्याच जमिनीवर घरातले मूल रांगते. कुत्र्याच्या विष्ठेतून पडलेली जंतांची अंडी ओलसर मातीत दीर्घकाळ टिकतात, आणि आकडेकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतूनही शिरतात. म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलून, विहिरीपासून व भाजीच्या वाफ्यापासून दूर खोल पुरावी. पिलाला दोन आठवड्यांचे असल्यापासून तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. बकरे-मेंढरे कापल्यावर कच्ची आतडी, काळीज, फुप्फुसे कुत्र्याला घालू नयेत. त्यातून एक फीतकृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो आणि त्याच्या अंड्यांमुळे माणसाच्या काळजात पाण्याच्या गाठी होतात.

कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा टोचावी. तरीही कोणाला चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना, तिखट लावत बसू नये. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मनुष्य वाचवणे जवळजवळ अशक्य असते.

शेवटी दाराची गोष्ट. उघडी ओसरी म्हणजे घर नव्हे. कुत्र्याच्या मागावर बिबट्या ओसरीपर्यंत येऊ शकतो. कुत्र्याला आत घेतले की दार लावून कडी घालावी आणि ज्या खोलीत मुले झोपतात तिथे त्याला ठेवू नये. दाराशी जुने तरट, कोपऱ्यात काडाचे पोते आणि महिन्यातून एकदा कानस, एवढी तजवीज करायला खर्च जवळजवळ नाहीच.