डोळ्यांचे पहारेकरी

दिवाळीच्या सुमारास कर्जत व खालापूर या तालुक्यांत भाताच्या झोडणीची धांदल सुरू होते. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील खळी भाताच्या भाऱ्यांनी भरून जातात. पेंढी आपटली, की दाणे खाली पडतात आणि त्यांबरोबर तूस व धूळही उडते. एखादा कण झोडणाऱ्याच्या डोळ्यात जातो. डोळा झोंबतो, लाल होतो आणि त्यातून पाणी वाहू लागते.

हे पाणी म्हणजे डोळ्याचा पहारेकरीच होय. आपल्या पापण्या दर मिनिटास सुमारे १५ वेळा लवतात व प्रत्येक वेळी अश्रूंचा पातळ लेप डोळ्यावर पसरवतात. या लेपातील तेलामुळे तो लवकर वाळत नाही आणि चिकट द्रव्यामुळे तो डोळ्यास धरून राहतो. शिवाय अश्रूंत काही जंतूंचा नाश करणारे एक द्रव्यही असते. अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने १९२२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यास 'लायसोझाइम' असे म्हणतात.

डोळ्यात कण गेल्यास स्वच्छ पाण्याने डोळा धुणे योग्यच आहे. परंतु काही जण कण निघून गेल्यावरही डोळे धुण्याची पेली रोज अनेकदा डोळ्यास लावतात. त्यामुळे मळाबरोबर अश्रूंचा लेपही धुऊन जातो. मग डोळा कोरडा पडून चुरचुरतो. आणि चुरचुरतो म्हणून तो पुन्हा धुतला जातो! एकच पेली घरातील सर्वांनी वापरल्यास एकाचे डोळे आले, की दुसऱ्याचेही येतात.

लाली घालवणाऱ्या थेंबांचेही तसेच आहे. त्यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व डोळा पांढरा दिसतो. पण हे थेंब वारंवार घातले, तर औषधाचा प्रभाव ओसरताच त्या पुन्हा फुगतात आणि लाली अधिकच वाढते.

सर्वांत मोठा धोका 'स्टेरॉइड' जातीच्या थेंबांचा आहे. त्यांनी आग लवकर शमते, म्हणून लोक डॉक्टरांना न विचारता तीच बाटली पुनःपुन्हा आणतात. अशाने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. तुसाने बुबुळावर ओरखडा उठला असेल, तर तेथे बुरशी रुजण्याचा संभव असतो. अशा वेळी हे थेंब घातल्यास वरून डोळा शांत वाटतो, पण आत जखम खोल होत जाते.

म्हणून झोडणीच्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा. कण गेल्यास डोळा चोळू नये. हात धुऊन, स्वच्छ पाण्याने तो धुवावा. तरीही खुपत राहिले, अंधुक दिसू लागले किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दुसऱ्याची किंवा मागे उरलेली औषधाची बाटली वापरू नये.

पहारेकऱ्यास गरजेच्या वेळी मदत अवश्य करावी. परंतु मदतीच्या नावाखाली त्यालाच हुसकावून लावू नये.