शीतपेयांच्या जुन्या यंत्रांचा गंज

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील पेट्रोलपंपांवर व कारखान्यांच्या दाराशी लाल रंगाचे एक लोखंडी कपाट हमखास उभे असे. त्याच्या फटीत पाच सेंटचे नाणे टाकले, की थंडगार पेयाची बाटली हाती येई. कोकाकोलाची किंमत १८८६ पासून सुमारे सत्तर वर्षे पाच सेंटच राहिली. एकच नाणे ओळखणारी ही यंत्रे हे त्याचे एक कारण मानले जाते. कॅन्सस सिटी येथे १९३७ साली स्थापन झालेल्या व्हेंडो कंपनीची यंत्रे त्यांत विशेष नावाजलेली होती. त्यांतील एकाचे नाव केवळ '८१' असे होते, कारण त्यात ८१ बाटल्या मावत. आज हौशी लोक अशी यंत्रे अडगळीतून शोधून काढतात व पुन्हा चालती करतात.

अशा यंत्राकडे पाहताच डोळ्यांत भरतो तो त्याचा गंज. तो बहुधा तळाशी व दाराच्या खालच्या कडेस असतो. साहजिकच नवखा मनुष्य आधी रंगाचा डबा आणतो. यंत्र महिनाभर झळकते, आणि मग त्याच जागी रंगाला फोड येऊ लागतात. असे का व्हावे?

थंड पाण्याचा पेला उन्हाळ्यात बाहेरून ओला होतो, हे सर्वांनी पाहिले आहे. उबदार हवा पुष्कळ बाष्प धरून ठेवू शकते. थंड हवेला ते साधत नाही. ३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावून घेते. तीच हवा ५ अंशांपर्यंत थंड झाली, तर तिच्यात जेमतेम ७ ग्रॅम उरते. बाकीचे पाणी होऊन थंड पत्र्यावर बसते. यंत्राचे दार घट्ट मिटावे म्हणून त्याच्या कडेने रबराची एक पट्टी बसवलेली असते. तिला गॅस्केट म्हणतात. वर्षे लोटली, की रबर कडक होते, चिरते, कोपऱ्यांत आक्रसते. मग दार लावलेले असूनही बाहेरची दमट हवा अहोरात्र आत शिरत राहते आणि आपले पाणी तेथे ठेवून जाते.

हे पाणी केवळ डोळ्यांना दिसते तेथेच थांबत नाही. यंत्राच्या बाहेरच्या व आतल्या पत्र्यांमध्ये उष्णता अडवण्यासाठी काचेच्या तंतूंचा कापूस भरलेला असतो. तो भिजला, की लवकर वाळत नाही. ओल्या पंचात गुंडाळून ठेवलेल्या खिळ्याची जी गत, तीच मग पत्र्याची होते. पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने लोखंडाचा गंज बनतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो; म्हणून तो वरच्या रंगाला आतूनच उचलतो. बाहेर रुपयाएवढा डाग दिसावा आणि आत तळहाताएवढा पत्रा कुजलेला निघावा, असे वारंवार घडते.

म्हणून जाणता कारागीर प्रथम आतला पत्रा उतरवतो व भिजलेला कापूस काढून टाकतो. मात्र शीतनलिकांना तो धक्का लावत नाही. त्यांतील वायूचे काम त्या विषयातील तंत्रज्ञाचेच. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपरने निघतो. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो व त्याची धूळ विषारी असते. यासाठी घासताना पृष्ठभाग ओला ठेवतात आणि तोंडावर योग्य मुखवटा बांधतात. खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावले, की त्याचे एका टिकाऊ थरात रूपांतर होते. पत्रा आरपार गेला असेल, तर तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडण्यावाचून गत्यंतर नाही. भोकावर लांबी भरून रंग चढवणे ही दुरुस्ती नव्हे, ती लपवाछपवी होय. त्यानंतर अस्तर, आणि मग रंग. जेथे मूळ रंग शाबूत आहे, तेथे थोडे ओरखडे राहू दिलेलेच बरे. नवा रंग केव्हाही देता येतो, जुना परत आणता येत नाही.

पट्टी बदलण्याचे काम नाजूक आहे. बहुतेक दारांत आतल्या पत्र्याचे स्क्रूच पट्टीला दाबून धरतात. ते सगळे एकदम काढले, तर दार पिळवटण्याची भीती असते. म्हणून एकेक बाजू घेतात. घडीने वाकडी झालेली नवी पट्टी गरम पाण्यात ठेवली, की सरळ होते. कोपऱ्यावर दोन टोके ४५ अंशांत कापून जुळवतात. पट्टी ताणून बसवली, तर पुढे ती आखडते व नेमकी तेथेच फट पडते. स्क्रू आधी सर्वत्र सैल लावून, दार चौकटीत नीट बसते हे पाहून, मगच आवळतात.

शेवटी कागदाच्या एका पट्टीने परीक्षा होते. ती दारात धरून दार लावायचे व हलकेच ओढायची. ती अडखळत निघाली, तर जागा घट्ट आहे. सहज सरकली, तर तेथून हवा शिरणार. दाराच्या चारही बाजूंना हे करून पाहतात, आणि बिजागरीकडच्या कोपऱ्यांत दोनदा. नवे रबर दबून बसण्यास काही दिवस घेते, म्हणून आठवड्याने हीच परीक्षा पुन्हा घेतात.