मुक्तिबोध बंधू आणि काळोखाची कविता

इंदूरच्या मराठी माणसाला कविता आवडते, पण शक्यतो गाता येणारी. भा. रा. तांब्यांनी मध्य भारतातल्या संस्थानांत नोकऱ्या करता करता मराठी गीताला जे वळण दिलं, त्याचा इथल्या घरांना अजून लळा आहे आणि तो रास्तच आहे. पण याच माळव्यात दुसरीही एक कविता वाढली. तिला चाल लावता येत नाही आणि ती वाचल्यावर जेवण गोड लागत नाही. ही कविता मुक्तिबोध बंधूंची. तिच्याकडे आपण फार काळ पाठ फिरवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

गजानन माधव मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७चा, ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. त्याच वर्षी इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. घरात मराठी, वडील माधवराव पोलिसात, त्यामुळे बदल्यांमागून बदल्या. इंदूरच्या होळकर कॉलेजातून गजाननराव १९३८ साली बी. ए. झाले. धाकटे शरच्चंद्र तर १९२१ साली इंदुरातच जन्मले. थोरला हिंदीत लिहू लागला, धाकटा मराठीत. याचं आज आश्चर्य वाटतं, पण तेव्हाचं इंदूर आठवावं. १९३५ साली मराठी संमेलन औंधच्या पंतप्रतिनिधींच्या अध्यक्षतेखाली इथे झालं आणि हिंदी साहित्य संमेलनही त्याच साली, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, इथेच झालं. दोन्ही भाषांचे मांडव एकाच गावात पडत होते. अज्ञेयांनी १९४३ साली ‘तार सप्तक’मध्ये सात नवे हिंदी कवी एकत्र आणले, त्यांतले दोघे, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, मराठी घरांतले होते.

गजाननरावांची ‘ब्रह्मराक्षस’ ही कविता वाचकाला गावाबाहेरच्या ओसाड बावडीत उतरवते. खोल पाण्यात एका विद्वानाचं भूत राहतं. ते अंगावरचा मळ घासत राहतं आणि मळ काही निघत नाही. मुखोद्गत शास्त्रं, जगभरचे सिद्धान्त सगळं त्याच्यापाशी आहे. पण ती विद्या कुणाच्या उपयोगी पडली नाही. भुताटकीची गोष्ट म्हणून ती वाचता येत नाही, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात कळतं की हे भूत शिकलेल्या मध्यमवर्गीयाचं आहे आणि कवी स्वतःलाही त्यातून वगळत नाही.

‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता याहून भयंकर. मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक निघते. बँडबाजा आहे, लष्कर आहे आणि त्यांच्यामागे चालणारे चेहरे ओळखीचे आहेत: पत्रकार, समीक्षक, कवी, मंत्री, उद्योगपती आणि गावातला कुप्रसिद्ध खुनी. दिवसा वेगवेगळ्या कचेऱ्यांत बसणारे हे लोक रात्री एका रांगेत चालतात. ज्याने हे पाहिलं तो धोकादायक, म्हणून त्याच्यामागे माणसं लागतात. पळताना त्याला टिळकांचा पुतळा दिसतो आणि त्या दगडी चेहऱ्यातून रक्त ठिबकतं. मराठी वाचकाने इथे थांबायला हवं. आपण ज्यांच्या नावाने चौक आणि वाचनालयं उभी केली, त्यांच्या पुतळ्यातून रक्त काढणारा कवी आपल्याच घरचा होता. हे त्याने द्वेषातून केलं नाही. त्या माणसाचं आपण काय करून ठेवलं, याच्या वेदनेतून केलं.

या काळोखाची किंमत त्यांनी भरली. उज्जैन, शुजालपूर, बनारस, जबलपूर, नागपूर, शेवटी राजनांदगाव; पोटासाठी मास्तरकी, वर्तमानपत्र, आकाशवाणी. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. पुढे पक्षाघात, मेंदूचा क्षयविकार, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत मृत्यू. वय ४६. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला संग्रह ते गेल्यावर आला.

शरच्चंद्रांच्या वाट्याला वेगळी उपेक्षा आली. ‘नवी मळवाट’ १९४९चा, ‘यात्रिक’ १९५७चा. ‘क्षिप्रा’सारखी कादंबरी त्यांनी लिहिली. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७९ साली मिळाला तो समीक्षाग्रंथाला. त्यांना समीक्षक म्हणून मान मिळाला आणि कवी मागे पडला. ज्या मर्ढेकरांवर ‘काही कविता’साठी अश्लीलतेचा खटला झाला, त्यांच्या काळातच हा दुसरा कवी भीषण वास्तवाकडे पाहून माणसावरचा विश्वास मागत होता. ‘मानुषता’ हा त्यांचा निकष होता. पुढे नारायण सुर्वे आले, १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि ज्यांचं जगणंच काळोखात होतं त्यांनी थेट बोलायला सुरुवात केली. ढसाळांचा काळोख मुक्तिबोधांच्या काळोखासारखा नाही, तो भोगलेला आहे. ही दोन दुःखं एकाच तागडीत घालू नयेत.

अशी कविता माणसाला खचवते, हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. मला तो पटत नाही. खचवतं ते न बोललेलं. नुसता राग व्यक्त करणारी कविता चार दिवसांत शिळी होते. जी कविता आरोपींच्या रांगेत कवीलाही उभं करते, ती टिकते. कारण तिथे वाचकाला पळायला जागा उरत नाही आणि एकटंही वाटत नाही.

आणि तो काळोख अजून जुना झालेला नाही. ३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना पायाखालचा स्लॅब कोसळला. त्याखाली जुनी बावडी होती, हे वर बसलेल्या कितीजणांच्या ध्यानात असेल? ३६ माणसं गेली. नंतर ती बावडी बुजवून टाकली. आपलं शहर स्वच्छतेत देशात अनेकदा पहिलं आलं आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण याच शहरात हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांना हक्काचे पैसे मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडावा लागला. तोवर कितीतरी कामगार वारले होते. यावर इथल्या मराठीत किती कविता लिहिल्या गेल्या? माझ्या वाचनात तरी आलेल्या नाहीत.

मुक्तिबोधांची जन्मतारीख दिवाळीच्या आगेमागेच येते. इंदूरच्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे: यंदा पहाटेच्या गाण्यांबरोबर एक संध्याकाळ या दोन भावांसाठी ठेवा. ‘अँधेरे में’ पूर्ण वाचा, मधली पानं न गाळता. त्यानंतर ‘नवी मळवाट’मधल्या कविता मोठ्याने वाचा. आणि गावातली तरुण मुलं आपलं लिहिलेलं घेऊन आली, ते कितीही कडू असलं, तरी त्यांना व्यासपीठ द्या.